चेक (इंग्रजी शब्द)

चेक : इंग्रजी भाषेतील एक बहुअर्थी शब्द. तपासणे, पडताळून पाहणे हा त्याचा आज सर्वांत रूढ अर्थ असला, तरी ऐतिहासिक क्रमाने पाहता तो बराच उत्तरकालीन आहे. बुद्धिबळाच्या डावात राजाला दिलेला शह हा मूळ अर्थ असून त्या अर्थाने हा शब्द सुमारे १३०० च्या आसपास जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला असावा.

जुनी फ्रेंच ‘एशेक’, मध्ययुगीन लॅटिन ‘स्काकुस’, अरबी ‘शाह’ आणि मूळ फार्सी ‘शाह’ (राजा) अशी परंपरा बहुतेक कोशकार मान्य करतात. फार्सी शब्दाचे पूर्वरूप ‘क्षायथिय’ हे असून प्राचीन इराणचा सम्राट पहिला दारियस याच्या बेहिस्तून येथील शिलालेखात ते राजाचे बिरुद म्हणून आढळते. संस्कृत ‘क्षत्र’ हा शब्द त्याच धातुकुळातील आहे. लॅटिनमध्ये जाताना ‘श’च्या जागी ‘स्क’ व अंत्य ‘ह’च्या जागी ‘क’ आला, तर फ्रेंचमध्ये आरंभी जोडला गेलेला ‘ए’ इंग्रजीत पुन्हा गळाला. ‘चेस’ हे खेळाचे इंग्रजी नावही याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आले आहे.

‘चेकमेट’ म्हणजेच ‘शाह मात’ या पदाविषयी मात्र मतभेद आहेत. अरबी ‘माता’ (मेला) या क्रियापदाच्या आधारे ‘राजा मेला’ असा अर्थ पूर्वी सर्रास दिला जाई. दुसऱ्या मतानुसार येथील ‘मात’ फार्सी असून त्याचा अर्थ निरुपाय, हतबल असा आहे. बुद्धिबळात राजा मारला जात नाही, त्याची केवळ कोंडी होते, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. अरबी भाषकांनी नंतर आपल्या ओळखीच्या धातूवरून पहिला अर्थ लावला असणे शक्य आहे.

इंग्लंडच्या राजकोषाचे ‘एक्स्चेकर’ हे नाव बुद्धिबळाचा पट या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून पडले. दुसऱ्या हेन्रीचा कोषाधिकारी रिचर्ड फिट्झनील याने ११७० नंतरच्या दशकात लिहिलेल्या लॅटिन संवादग्रंथात सुमारे १० फूट लांब व ५ फूट रुंद मेजाचे वर्णन येते. त्यावर रेघा आखलेले काळे कापड अंथरून, घरांत सोंगट्या मांडून शेरीफांच्या (परगण्यांतील राजाच्या अधिकाऱ्यांच्या) भरण्याचा हिशेब केला जाई. पटाच्या साम्याखेरीज, कोषाधिकारी व शेरीफ यांच्यात जणू डावच रंगतो, असेही कारण तो देतो. ते बहुधा नंतर सुचलेले असावे.

अर्थविस्ताराची दिशा साधारणपणे स्पष्ट आहे. शह, त्यावरून अचानक बसलेली खीळ, मग आवर घालणे वा अंकुश ठेवणे आणि अंकुश ठेवण्यासाठी नोंदी ताडून पाहणे, असा हा क्रम दिसतो. पडताळणीचा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावला असावा. बनावट कागद वा फेरफार रोखण्याचे साधन या अर्थातून अठराव्या शतकात बँकेच्या धनादेशाला हे नाव मिळाले. धनादेशाचा शब्द थेट ‘एक्स्चेकर’वरून आल्याचे काही जण मानतात, परंतु त्या नावाचा प्रभाव ब्रिटिश लेखनातील वेगळ्या वर्णरचनेपुरता (cheque) असावा, अमेरिकेत पडताळणी व धनादेश या दोन्ही अर्थांसाठी एकच वर्णरचना (check) वापरतात. भारतात १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या सहाव्या कलमात धनादेशाची व्याख्या आहे.

चौकटींच्या कापडाला ‘चेक्स’ म्हणतात, ते पटावरील घरांमुळे.

मराठीत हे कुळ दोन वाटांनी आले. फार्सीतून आलेल्या ‘शह’ने ‘शह देणे’, ‘शह-काटशह’ यांसारख्या प्रयोगांत खेळाबाहेरचा, प्रतिस्पर्ध्याला रोखण्याचा अर्थ घेतला. इंग्रजीमार्गे आलेला ‘चेक’ बँकेच्या व्यवहारात, ‘चेकनाका’, ‘तिकीट चेकर’ अशा जोडशब्दांत आणि ‘चेक करणे’ या संयुक्त क्रियापदात रुळला.