प्राग: जमिनीखाली गेलेला तळमजला

प्रागच्या जुन्या शहरात, रझेटेझोवा या अरुंद गल्लीतल्या एका घराच्या तळघरात उतरलं की आपण बाराव्या शतकाच्या अखेरीस पोचतो. ओपुका नावाच्या पिवळसर दगडाचे घडीव चिरे, एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानींचं छत, ते पेलणारे खांब. एवढी देखणी खोली पिंपं ठेवायला कोण बांधेल? कुणीच नाही. हे तळघर म्हणून बांधलेलंच नव्हतं. तो एका श्रीमंत घराचा तळमजला होता.

तो जमिनीखाली गेला नदीमुळे. जुनं शहर व्लतावाच्या वळणात, सखल भागात वसलेलं. तेराव्या शतकात वस्ती वाढली, तटबंदी झाली, नदीवर गिरण्यांसाठी बांध पडले आणि पाण्याची पातळी वर आली. पूर तर येतच होते. शेवटी लोकांनी भर टाकून रस्तेच उंच केले, काही ठिकाणी दोन-तीन मीटर. घरं मात्र पाडली नाहीत. जुन्या तळमजल्याच्या जाड भिंती म्हणजे आयता पाया. त्यावर गॉथिक शैलीत नवे मजले चढले. म्हणूनच इथल्या काही तळघरांत दगडी चौकटींची दारं दिसतात आणि दारापलीकडे नुसती माती असते. एके काळी त्याच दारातून माणसं थेट रस्त्यावर येत. मला तरी या शहरातली सगळ्यात बोलकी जागा ही दारंच वाटतात.

हीच गोष्ट पुलाचीही. बाराव्या शतकातला युदिता पूल 1342च्या पुरात कोसळला. 1357मध्ये पायाभरणी झालेला चार्ल्स पूल त्याच्याहून उंच बांधला गेला. जुन्या पुलाची एक कमान आजही शेजारच्या मठाच्या इमारतीखाली उभी आहे.

रझेटेझोवातलं घर पंधराव्या शतकात कुन्श्टाट आणि पोद्येब्राडी घराण्याकडे होतं. या घराण्यातला यिर्झी हा बोहेमियाचा, म्हणजे चेक राज्याचा, राजा होण्याआधी इथे राहत असे. 1458मध्ये त्याची निवड झाली ती जवळच्याच जुन्या नगरभवनात. त्या नगरभवनाचा जन्मही असाच एका नागरिकाच्या घरातून झाला. 1338मध्ये राजा यान याने शहराला नगरभवनाचा हक्क दिला, शहराने घर विकत घेतलं, मग शेजारची घरं जोडत इमारत वाढवली. तिच्याखाली आजही त्याहून जुन्या घरांच्या खोल्या आहेत. मे 1945च्या लढाईत वरची एक बाजू जळाली; ती पुन्हा बांधली गेली नाही.

वरच्या दर्शनी भिंती प्रत्येक पिढीने आपल्या आवडीने बदलल्या, सतराव्या-अठराव्या शतकांतल्या नक्षीदार बरोक शैलीच्या काळात तर फारच. खालच्या खोल्यांना त्या काळात सजवायला कुणी आलं नाही. दारू, धान्य, सरपण ठेवलं आणि कमानी तशाच राहिल्या.