तिमिवर्णन

संस्कृत व प्राकृत महाकाव्यांतील समुद्रवर्णनाचा एक घटक. तिमी हा प्रचंड जलचर. अभ्यासक तो बहुधा देवमासा मानतात. काव्यशास्त्रकार दंडीने महाकाव्याच्या वर्ण्यविषयांत समुद्र गणला असल्याने जलचर त्यात ओघाने येतात.

याचा सर्वोत्तम नमुना कालिदासाच्या रघुवंशात (सर्ग 13, श्लोक 10) आहे. पुष्पक विमानातून राम सीतेला समुद्र दाखवतो : तिमी जबडा वासून नदीमुखाचे पाणी त्यातील जीवांसकट घेतात, तोंड मिटतात आणि मस्तकावरील छिद्रांतून पाण्याचे झोत उडवतात. येथे एकही उपमा नाही. केवळ क्रियांचा क्रम सांगणारी ही शुद्ध स्वभावोक्ती (वस्तूचे जसेच्या तसे वर्णन) होय. ‘अमी’ (ते) या दर्शक सर्वनामाने वाचकही विमानात बसतो. उपजाती या मिश्र वृत्ताचे चरण येथे आळीपाळीने उपेंद्रवज्रा व इंद्रवज्रा असे पडतात. (देवमाशाच्या झोतात वस्तुतः उच्छ्वासाची वाफ व तुषार असतात, पाणी गाळून भक्ष्य घेण्याची क्रिया मात्र काही जातींत खरीच आढळते.) पुढच्या श्लोकात जलहस्ती (हत्तीसारखे जलचर) उसळतात आणि त्यांच्या गालांवरून ओघळणारा फेस क्षणभर कानाजवळची चवरी होतो. त्यानंतरच्या श्लोकात लाटांहून वेगळे न दिसणारे सर्प फण्यावरच्या मण्यांमुळे ओळखू येतात; उत्तरकालीन आलंकारिक ज्याला उन्मीलित (सारख्या दिसणाऱ्या वस्तूंतील भेद एखाद्या खुणेने उघड होणे) म्हणतात त्याच्या जवळची ही रचना आहे. आधी उघडे दर्शन, मग कल्पना, हा क्रमच या वर्णनाचे बळ आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूर परिसराचा या परंपरेशी संबंध सेतुबंध (रावणवहो) या माहाराष्ट्री प्राकृत महाकाव्यामुळे येतो. त्याच्या कर्तृत्वाबद्दल मतभेद आहेत. बाणभट्ट हर्षचरितात सेतूच्या संदर्भात प्रवरसेनाची कीर्ती गातो. सोळाव्या शतकाच्या अखेरचा टीकाकार रामदास मात्र विक्रमादित्याच्या आज्ञेने कालिदासाने ते प्रवरसेनासाठी रचले असे सांगतो. काहींनी हा प्रवरसेन काश्मीरचा राजा मानला. नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी तो विदर्भातील वाकाटक वंशाचा नृपती दुसरा प्रवरसेन (पाचव्या शतकाचा पूर्वार्ध, स्थूलमानाने) असल्याचे प्रतिपादले. या राजाची एक राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. त्याची माता प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची, म्हणजे विक्रमादित्याची, कन्या. काव्याची भाषा पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते. रामदासाची आख्यायिका फार उशिराची आहे. तिच्यावरून एवढेच म्हणता येईल की गुप्त व वाकाटक या दोन्ही दरबारांचे वाङ्मयीन सख्य लोकांच्या स्मरणात होते.

सेतुबंधात जलचर दृश्याचे नव्हे, तर आघाताचे विषय आहेत. पाचव्या आश्वासात (सर्गात) रामबाणाने समुद्र पेटतो आणि जलचर होरपळतात. पुढे सेतूसाठी टाकलेल्या पर्वतांनी पाणी ढवळून निघते. स्कंधक छंदाच्या 32 मात्रांच्या लांब अर्धात दीर्घ समास सहज मावतात, त्यामुळे येथील गती रघुवंशापेक्षा जड आणि गडगडाटी आहे.