एक्सलखालची ओल

ओढा फार खोल नव्हता. जुलैत ताम्हिणीच्या अंगाला असे ओढे पावलोपावली आडवे येतात. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं आणि घाटात तापलेली आमची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी मिनिटभरात पलीकडे निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या फरशीवर, मागच्या डिफरन्शियलच्या बरोबर खाली, रुपयाएवढा तेलकट डाग पडला होता. मिस्त्रींनी गाडीखाली सरकून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, "सील इतक्यात बदलू नका. आधी हिचं नाक बघू."

सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती, तेल अडवणारी रबरी कडी. नाक म्हणजे ब्रीदर, आतल्या हवेची ये-जा होण्याची वाट. एक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, नळीवर बसवलेली, बोटाच्या पेराएवढी टोपी. ती काढली तर आत वाळलेल्या चिखलाचा बूच बसलेला.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना ताकद देऊनही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दात्यांची रचना म्हणजे डिफरन्शियल. ती एका बंद लोखंडी घरात असते आणि तळाशी दीड-दोन लिटर जाड गिअर ऑइल असतं. त्यातलं मोठं दातेरी चाक, क्राऊन व्हील, त्या तेलात बुडून फिरतं आणि तेल वर उडवतं. तेवढ्यावर सगळ्या बेअरिंगांचं वंगण भागतं. तेलाच्या वरची उरलेली जागा हवेची. छोट्या गळत्यांची गोष्ट बहुतेक वेळा या हवेपासूनच सुरू होते.

समजा, सकाळी आतली हवा ३० अंशांवर होती आणि घाट चढून ती ८० अंशांवर गेली. बंद जागेतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३०३ केल्व्हिनवरून ३५३ केल्व्हिनवर गेल्यास दाब सुमारे १६ टक्क्यांनी वाढेल. तेलही तापून तीन-चार टक्के फुगतं आणि हवेची जागा आणखी खातं. ब्रीदर मोकळा असेल तर ही जादा हवा मुकाट्याने बाहेर जाते. तो तुंबला असेल तर तिला एकच वाट उरते, ती म्हणजे सीलच्या ओठाखालची. जाताना ती तेलही सोबत नेते.

ओढ्यात मग उलटा प्रकार होतो. तापलेलं घर गार पाण्यात शिरतं आणि आतली हवा आकसते. ८० अंशांवरून ती २५ अंशांवर आली, तर दाब १५-१६ टक्के उतरेल. हवेचा एक वातावरणाचा दाब म्हणजे पाण्याचा जवळपास १० मीटर उंचीचा स्तंभ. त्याचे १५-१६ टक्के म्हणजे दीड मीटरहून अधिक. मिनिटभरात सगळी हवा इतकी गार होत नाही हे खरं, पण यातला तिसरा हिस्सा घडला तरी गुडघाभर पाण्यातल्या एक्सलला ते पाणी दुप्पट खोल असल्यासारखं जाणवतं. शिवाय सीलचा ओठ तेलाच्या बाजूला तोंड करून बसवलेला असतो. आतून दाब आला की तो शाफ्टला आणखी घट्ट चिकटतो. बाहेरून आला की सहज उचलला जातो. म्हणून तेल बाहेर यायला जेवढं झगडावं लागतं, तेवढं पाण्याला आत जायला लागत नाही. आमच्या गाडीचा तेल भरण्याचा प्लग उघडला तेव्हा तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं निघालं. तेलात विखुरलेले पाण्याचे बारीक थेंब प्रकाश इतस्ततः फेकतात, दूध पांढरं दिसतं त्याच कारणाने. असं तेल वंगणही नीट करत नाही आणि बेअरिंग गंजवतं. बाहेर पडलेला डाग रुपयाएवढाच होता. खरं नुकसान आत चाललेलं होतं.

ऑइल सीलबद्दल माझा बरीच वर्षं गैरसमज होता. मला तो बाटलीच्या बुचासारखा वाटायचा, घट्ट बसून अडवणारा. प्रत्यक्षात रबराचा ओठ फिरत्या शाफ्टला पूर्ण टेकतच नाही. दोघांमध्ये तेलाचा एक मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचा पापुद्रा असतो. १९५० च्या दशकात जॅगर या संशोधकाने हा पापुद्रा दाखवून दिला, तेव्हा प्रश्न उभा राहिला: तेल तिथपर्यंत येतंच, तर मग गळत का नाही? उत्तर रबराच्या पृष्ठभागात सापडलं. ओठावरचे अतिसूक्ष्म उंचवटे शाफ्टच्या फिरण्याने तिरके ताणले जातात आणि तेलाला पुन्हा आत ढकलतात. चांगला सील म्हणजे एक इवलासा पंप आहे. तोच सील उलटा बसवला तर तो इमानेइतबारे तेल बाहेर उपसतो.

त्यामुळे सीलच्या कडेला थोडी ओल असणं हा आजार नाही. आमचे मिस्त्री तिला 'घाम' म्हणतात आणि मला तो शब्द नेमका वाटतो. धूळ चिकटून काळपट झालेली ओल, पण खाली थेंब नाही, तर पुसायचं आणि लक्ष ठेवायचं. थेंब धरून पडू लागला की कारण शोधायचं.

किती थेंब म्हणजे किती तेल? साधारण २५ थेंबांचा एक मिलिलिटर धरा. रात्री उभ्या गाडीखाली एक थेंब पडत असेल तर वर्षाकाठी जेमतेम १५ मिलिलिटर जातील. चालत्या गाडीतून मिनिटाला एक थेंब गेला, तर आठ तासांच्या प्रवासात २० मिलिलिटरच्या आसपास. दोन लिटरांपुढे हे किरकोळ आहे, म्हणून गळती दिसताच घाबरून घाटात गाडी सोडून देण्याचं कारण नाही. पण पातळी तपासणं चुकवू नये. गाडी सपाट जागी, गार असताना, भरण्याचा प्लग उघडायचा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. काठाच्या वर ठासून भरलं तर तेही सीलवाटे बाहेर येतं.

डोंगरात पातळीला वेगळंच महत्त्व येतं. मागच्या एक्सलचा पिनियन, म्हणजे क्राऊन व्हीलला फिरवणारं छोटं दातेरी चाक, पुढे तोंड करून असतो. तीव्र चढावर गाडीचं नाक वर होतं, तेल मागे सरकतं आणि पिनियनचं पुढचं बेअरिंग तेलापासून दूर, उंच राहतं. नेमका तेव्हाच त्याच्यावर सर्वांत जास्त भार असतो. सपाट रस्त्यावर खपून जाणारी अर्ध्या लिटरची तूट खड्या चढावर बेअरिंग जाळू शकते. तिरक्या उतारावर गाडी बराच वेळ कलती राहिली, तर तेल नळीतून खालच्या चाकाकडे धावतं आणि तिथल्या सीलवर साचतं. चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ दिसला, तर मात्र माझ्या लेखी ती छोटी गळती राहत नाही. ते तेल ब्रेकच्या लायनरवर जातं आणि एका बाजूचा ब्रेक पकड सोडतो. अशी गाडी घाटात नेऊ नये.

गळती कुठून आहे हे डागावरून ठरवायला जाल तर फसाल. तेल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली वाहतं. मूळ सापडतं ते ओल्या भागाच्या सर्वांत वरच्या आणि पुढच्या टोकाला. एक्सल रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरडा करावा, वर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि दहा-वीस किलोमीटर फिरून यावं. पांढऱ्यावर तेलाची रेघ लपत नाही. गिअर ऑइल वासावरून ओळखू येतं. दात्यांमधल्या प्रचंड दाबासाठी त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात; ती तापलेल्या पोलादाशी संयोग पावून घासण्याआधीच एक संरक्षक थर चढवतात. तो उग्र, गंधकी वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

डिफरन्शियलच्या कव्हरच्या जोडातून पाझर असेल तर बोल्ट पिळत सुटू नये. पत्रा वाकतो आणि फट वाढते. कव्हर काढून दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंशही न ठेवता पुसावेत, नवं गॅस्केट किंवा सिलिकॉन लावावं आणि ते वाळायला पुरेसा वेळ द्यावा. पिनियनच्या सीलचं काम नाजूक. तिथला नट अनेक गाड्यांमध्ये बेअरिंगवरचा ताणही ठरवतो. तो आधीच्या खुणेपेक्षा जास्त आवळला तर नव्या सीलसकट बेअरिंग जाईल. सील काढल्यावर शाफ्टवर नखाने जाणवणारी खाच दिसते का, तेही पाहावं. मऊ रबर पोलाद कापतं यावर विश्वास बसत नाही, पण ओठात रुतलेले धुळीचे कण कानशीचं काम करतात. खाचेवर नवा सील बसवला तर आठवड्यात पुन्हा गळेल. तिथे पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी लागते. सील फुगवून गळती थांबवणारी औषधं मला पटत नाहीत. काही दिवस डाग दिसत नाही, पण त्याने ब्रीदरचा बूच निघत नाही आणि खाचही भरत नाही.

आमच्या गाडीचं तेल बदललं, ब्रीदर साफ केला आणि त्याला रबरी नळी जोडून तिचं टोक इंजिनाच्या खोलीत उंच बांधलं. आता ओढ्यात एक्सल बुडाला तरी तो श्वास वरून घेतो. जुना सील तसाच ठेवला. गेले दोन पावसाळे तो फक्त घामेजतो.

एवढं करूनही ओढ्याशी आलो की मी उतरून एक्सल पुसून घेतो. बेंजामिन फ्रँकलिनने १७७४ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल जवळपास अर्धा एकर पसरलं होतं. गिअर ऑइल इतकं पातळ पसरत नाही. पण पाण्यावर इंद्रधनुषी रंग दिसायला काहीशे नॅनोमीटरचा थर पुरतो, आणि तेवढ्या जाडीला एक थेंब सव्वा फूट लांब-रुंद पाणी झाकतो. आम्ही जिथे ओढा ओलांडतो, तिथून थोडं खाली वाडीतल्या बायका हंडे भरतात.