जुन्या स्पोर्ट्स कारला ईएससी बसवणे

कारखान्यातून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजेच ईएससी, न बसवता बाहेर पडलेल्या स्पोर्ट्स कारला ही यंत्रणा मागाहून जोडण्याचे काम. वळणावर गाडी घसरू लागली की ईएससी चारांपैकी नेमक्या एका चाकाला आपणहून ब्रेक लावते, गरज पडल्यास इंजिनाची ताकद उतरवते आणि चालकाने स्टिअरिंग जिकडे वळवले आहे तिकडे गाडी आणते.

सातारा जिल्ह्यात या यंत्रणेचे मोल घाटात कळते. यवतेश्वर चढून कासला जाणारा रस्ता, वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट, महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी या सगळ्या ठिकाणी पावसाळ्यात डांबरावर लाल चिखल वाहून येतो आणि धुक्यात पुढचे वळण दिसत नाही. खाली कृष्णाकाठच्या पट्ट्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे माती आणि पाचट पडलेले असते. मागच्या चाकांवर चालणारी, आखूड व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये कमी अंतर असलेली) हलकी गाडी अशा जागी भर वळणात ॲक्सिलरेटर अचानक सोडला, तरी मागून फिरते.

बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी विकसित केलेली ही यंत्रणा १९९५ मध्ये एस ६०० कूपेवर प्रथम आली. १९९७ मध्ये स्वीडनमधील चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली आणि कंपनीने त्या गाडीवर ईएससी सरसकट द्यायला सुरुवात केली. स्वस्त गाड्यांपर्यंत ती पोहोचण्याला खरा वेग तिथून आला. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २००७ मध्ये ती सक्तीची करताना, ईएससीमुळे मोटारींचे एकट्याने होणारे अपघात ३४ टक्क्यांनी कमी होतील असा अंदाज दिला होता. स्पोर्ट्स कार मात्र या बाबतीत रेंगाळल्या. १९८९ च्या पहिल्या माझदा एमएक्स-५ वर ईएससी नव्हती. १९९९ मध्ये आलेल्या होंडा एस२००० ला ती २००६ च्या मॉडेलपासून मिळाली, तीही केबलचा थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) जाऊन, कॉम्प्युटरला स्वतः मिटता येईल असा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आल्यावर.

एस२००० चे उदाहरण इथे फार उपयोगी आहे. ईएससी म्हणजे एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, शेजारी लावायचा डबा नव्हे. चारही चाकांचा ब्रेक वेगवेगळा सांभाळणाऱ्या साध्या चार चॅनलच्या एबीएस युनिटमध्ये साधारण आठ व्हॉल्व्ह असतात, ईएससीच्या युनिटमध्ये बारा. जादा चार व्हॉल्व्हमुळे पेडलवर पाय नसतानाही पंप दाब तयार करून एका चाकाकडे पाठवू शकतो. त्याशिवाय प्रत्येक चाकाचा वेग, स्टिअरिंगचा कोन, आडवा जोर, गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे आणि ब्रेकचा दाब हे सगळे सेन्सरने मोजावे लागते. गाडी नाकाने बाहेर सरकत असेल तर आतले मागचे चाक, शेपूट फिरत असेल तर बाहेरचे पुढचे चाक धरायचे, हा निर्णय या आकड्यांवरून होतो.

गॅरेजमधला सर्वांत नाजूक भाग दातेरी रिंगचा. चाकाबरोबर फिरणाऱ्या या रिंगच्या दातांवरून सेन्सर चाकाचा वेग मोजतो. एबीएस नसलेल्या गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, ही रिंग नसते. ती कापून हबवर दाबून बसवावी लागते. साताऱ्याच्या एमआयडीसीत अचूक काम करणाऱ्या लेथची वानवा नाही, पण रिंग बसवल्यावर हब हाताने फिरवत, फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) घालून, सेन्सर आणि दात यांमधली फट पूर्ण फेरीत तपासायलाच हवी. रिंग जरा जरी वाकडी बसली तरी फट कमीजास्त होते, सिग्नल दर फेरीला डगमगतो आणि चाक घसरले असे समजून कॉम्प्युटर नको तिथे ब्रेक लावू शकतो. वळण्याचा वेग मोजणारा सेन्सरही शक्यतो गाडीच्या मध्याजवळ, सपाट आणि योग्य दिशेने पक्का बसवावा लागतो.

एवढे जुळले तरी मोठे काम पुढेच असते. कॉम्प्युटरमध्ये गाडीचे वजन, व्हीलबेस, स्टिअरिंगचे प्रमाण, ब्रेकचा आकार आणि टायरचा स्वभाव भरलेला असतो. कंपन्या हे आकडे स्वीडनच्या उत्तर भागात आर्येप्लोग येथील गोठलेल्या तलावांवर हिवाळेच्या हिवाळे गाड्या फिरवून पक्के करतात. दुसऱ्या गाडीचे युनिट काढून बसवले तर ते त्याच दुसऱ्या गाडीचे गणित चालवते. पसरणीच्या कठड्याशेजारी चुकीचे चाक धरणारी ईएससी ही ईएससी नसण्यापेक्षा वाईट, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. शर्यतींसाठी मिळणारे एबीएसचे संच दर्जेदार असतात, पण ते ईएससीचे काम करत नाहीत.

म्हणून करण्याजोगा मार्ग एकच उरतो: त्याच मॉडेलच्या नंतरच्या, ईएससी असलेल्या गाडीतून युनिट, सेन्सर, वायरिंग, थ्रॉटल आणि इंजिनाचा कॉम्प्युटर असा अख्खा संच आणणे. ब्रेकमधली हवा काढतानाही पंप आणि व्हॉल्व्ह चालवू शकणारा स्कॅनर लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांवर मर्यादा घालते, त्यामुळे आरटीओत आधी विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

नंतरही ईएससी आलीच नाही अशा मॉडेलसाठी तोच पैसा ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, अलाइनमेंट आणि टायर यांवर घालणे शहाणपणाचे. टायरच्या कडेवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कमी धावलेल्या जुन्या गाडीच्या टायरची नक्षी पुष्कळदा शाबूत दिसते, पण रबर कडक झालेले असते आणि ओल्या डांबरावर ते पकड सोडते.