दोन्ही नावांत ‘सुवर्ण’: आंबेडकरांचे सुवर्ण परिमाण आणि केन्स यांचे सुवर्ण विनिमय परिमाण

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुवर्ण परिमाणाचा पुरस्कार केला, हे वाक्य त्यांच्या अर्थविचारांवरील लेखांत हमखास आढळते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी भारतासाठी ज्या पद्धतीची बाजू घेतली, तिच्याही नावात ‘सुवर्ण’ असल्यामुळे दोघांचे म्हणणे एकच होते असे वाचकाला सहज वाटते. प्रत्यक्षात आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा १९२३ चा प्रबंध केन्स यांच्या १९१३ च्या ग्रंथातील भूमिकेला दिलेले उत्तर आहे.

सुवर्ण परिमाणात सोन्याचे नाणे लोकांच्या हातात फिरते आणि कोणीही टांकसाळीत सोने देऊन नाणी पाडून घेऊ शकतो. सुवर्ण विनिमय परिमाणात देशातला व्यवहार रुपयाच्या नाण्यांवर आणि नोटांवर चालतो. परदेशी देणी भागवण्यापुरतीच ठरलेल्या दराने सोन्याची किंवा स्टर्लिंगची (ब्रिटिश चलनाची) हमी असते. भारत या दुसऱ्या पद्धतीकडे जवळजवळ नकळत गेला. १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या, भारतीय चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या १८९८ च्या फाउलर समितीने सोन्याच्या नाण्याची शिफारस केली, पण अमलात राहिला तो केवळ रुपयाला १ शिलिंग ४ पेन्सचा दर, आणि तो लंडनमध्ये कौन्सिल बिले (लंडनमध्ये स्टर्लिंग भरून भारतात रुपये मिळवून देणाऱ्या सरकारी हुंड्या) विकून सांभाळला जाऊ लागला.

केन्स यांना यात उणीव दिसली नाही. इंडिया ऑफिसमध्ये, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधील सरकारी खात्यात, काम केलेल्या या अर्थशास्त्रज्ञाच्या मते लोकांच्या खिशात सोने अडकवून ठेवणे ही उधळपट्टी होती. राखीव निधी पुरेसा असला की कमी खर्चात तेच काम होते.

आंबेडकरांचा आक्षेप मुळावरच होता, आणि माझ्या मते तो आजही नीट वाचला जात नाही. रुपयातील चांदीची किंमत त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा कमी असल्याने नवा रुपया पाडण्यात सरकारला नफा होता, आणि किती रुपये पाडावेत यावर सरकारच्या मर्जीखेरीज कोणताच अंकुश नव्हता. अशा स्थितीत विनिमय दर स्थिर ठेवता आला तरी देशातील किमती चढत राहतात. रुपयाची खरी कसोटी त्याची देशातील क्रयशक्ती, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे आणखी एक गैरसमज होतो. आंबेडकरांना रुपयाच्या बदल्यात सोने मिळण्याची सोय हवी होती, असे समजले जाते. १९२५ मध्ये भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी मांडलेली योजना मात्र निराळी होती: रुपयाचे टंकन लोकांसाठी आणि सरकारसाठीही पूर्ण बंद करावे, सोन्याच्या नाण्याची टांकसाळ उघडावी, दोन्ही नाण्यांचे प्रमाण कायद्याने ठरवावे, ती एकमेकांत परिवर्तनीय नसावीत, पण दोन्ही अमर्याद विधिग्राह्य असावीत, म्हणजे कितीही रकमेच्या देण्यापोटी ती स्वीकारणे कायद्याने बंधनकारक असावे. त्यांचा भर परिवर्तनीयतेपेक्षा चलनाचा पुरवठा मर्यादित ठेवण्यावर होता.

आयोगाने सोन्याच्या नाण्याऐवजी सोन्याच्या लगडींवर आधारलेली पद्धत सुचवली. १९२७ च्या कायद्याने १ शिलिंग ६ पेन्सचा दर ठरवला, आणि सोने द्यायचे की स्टर्लिंग हे ठरवण्याची मुभा सरकारला दिली. त्यामुळे व्यवहारात विनिमय परिमाणच टिकले, आणि सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सोन्याची साथ सोडताच रुपया उघडपणे स्टर्लिंगला बांधला गेला.