वर्षानुवर्षं उभी असलेली डॅटसन २४०झेड: चावी फिरवण्याआधी एवढं वाचा

“गाडी वीस वर्षं गॅरेजात उभी आहे. नवी बॅटरी लावून बघू का?” न्यू जर्सीतल्या आमच्या वर्कशॉपला येणारे निम्मे फोन असेच सुरू होतात. कळकळीची विनंती: सेल्फ मारू नका.

उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल केव्हाच ओघळून गेलेलं असतं. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात दमट हवा शिरते आणि पिस्टनच्या रिंगांजवळ गंज धरतो. अशा वेळी सेल्फ मारला की रिंगा तो गंज भिंतीवर घासत नेतात, चरे पडतात आणि किरकोळ काम बोअरिंगवर, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करण्यावर, जातं. आम्ही सहाही स्पार्क प्लग काढतो, पातळ ऑइल सोडतो, दोन-तीन दिवस मुरू देतो आणि मग पान्याने इंजिन हाताने फिरवतो. अडलं तर जोर करत नाही, पुन्हा ऑइल सोडतो.

१९६९च्या अखेरीस जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ म्हणून आलेल्या या कूपेचं २३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन मुळात दणकट आहे. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. त्यामुळे जुनं कूलंट आधी हेडच खातं, म्हणून ते आम्ही उघडून पाहतोच. टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येत असेल, तर टाकी आणि दोन्ही कार्बोरेटर उतरवावे लागतात. ब्रेकचे रबरी भाग सगळे नवे.

खरी काळजी पत्र्याची. त्या काळी गंजरोधक काम फारसं होत नसे, आणि आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ. बॉनेट उघडून बॅटरीखालचा ट्रे बघा. अ‍ॅसिड झिरपून तिथले पोपडे सुटले असतील, तर खालची चॅसी रेलही (गाडीचा भार पेलणारी लांब पट्टी) बहुधा गेलेली असते. मागच्या चाकापुढे, दाराच्या खालच्या कोपऱ्यावर बोटाने टिचकी मारा: पत्रा ‘टण्’ वाजतो, आत लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर आवाज भद्द येतो. लोहचुंबकही तिथे धरत नाही. पत्र्याचा अंदाज रंग खरवडल्याशिवाय आम्ही देत नाही; आधी आकडा सांगणं ही ग्राहकाची फसवणूक आहे असं आम्ही मानतो.

मागच्या काचेच्या दारावर, काचेखाली, हवेच्या दोन जाळ्या असतील तर गाडी सुरुवातीच्या तुकडीतली आहे. ते दार बदलायला कुणालाही देऊ नका. इंजिनजवळच्या पट्टीवरचा ‘एचएलएस३०’ने सुरू होणारा चॅसी नंबर कागदपत्रांशी ताडून पाहा.

गाडी ओढत नव्हे, फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून) आणा. चाकं जाम असतील तर आम्हाला आधी कळवा. आणि कृपा करून धुऊन आणू नका. गळतीचे डाग, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जशाच्या तशा दिसल्या की आमचं निदान लवकर होतं. खोक्यातले सुटे नट-बोल्टही सोबत द्या.