साखर तुटते, पण मधे काय काय होते?

पेशीत ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हेटचे (तीन कार्बनच्या छोट्या संयुगाचे) दोन रेणू व्हायला दहा पायऱ्या लागतात. आज त्या पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर मावतात. शोधायला चाळीसेक वर्षे गेली. कारण मधली संयुगे तयार होताच पुढच्या पायरीवर खर्ची पडतात, हाती लागण्याइतकी साठतच नाहीत.

यीस्ट साखर आंबवते तीही याच वाटेने. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ट बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबाखाली पिळून रस काढला. तो टिकावा म्हणून साखर घातली, तर रस फसफसू लागला! जिवंत पेशीशिवायही साखर आंबते, हे त्यांनी १८९७ मध्ये जाहीर केले.

या रसाचा जोर थोड्या वेळाने ओसरे. लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी त्यात फॉस्फेट घातले, तेव्हा वायू पुन्हा भराभर सुटू लागला. फॉस्फेट मात्र नाहीसे झाले. ते सापडले साखरेला चिकटलेले: फ्रुक्टोज आणि त्यावर दोन फॉस्फेट. पहिले मधले संयुग हाती आले होते, पण ते खरेच वाटेवरचे आहे हे अनेकांना पटेना. जिवंत यीस्टला ते खाऊ घातले तर आंबतच नसे. (फॉस्फेट लागलेली साखर पेशीच्या पडद्यातून आत शिरत नाही, एवढीच गोम होती.) बर्लिनच्या कार्ल नॉयबर्ग यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या मार्गात तर फॉस्फेटला जागाच नव्हती, आणि त्या मार्गाचा दबदबा बरीच वर्षे राहिला.

कोंडी फोडली विषांनी. घाटात रस्ता अडवला की मागे गाड्या तुंबतात, तसेच इथे. आयोडोअॅसिटेट घातले की दोन फॉस्फेटवाली साखर साचते. फ्लोराइड घातले की फॉस्फोग्लिसरेट, म्हणजे आणखी पुढचे, तीन कार्बनचे संयुग. अशा तुंबलेल्या संयुगांवरून गुस्टाव्ह एम्बडेन यांनी १९३३ मध्ये सहा कार्बनची साखर तीन-तीन कार्बनच्या दोन तुकड्यांत फुटते असा आराखडा मांडला. त्याच वर्षी ते वारले. पुढचे बरेच काम हायडेलबर्गला ओटो मायरहोफ यांच्या प्रयोगशाळेत झाले. ज्यू असल्याने १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली.

फ्लोराइड आजही रोजच्या कामात आहे. शुगर तपासायला रक्त घेतात त्या करड्या टोपणाच्या नळीत तेच असते, म्हणजे नमुन्यातल्या रक्तपेशी साखर फस्त करत नाहीत. पण ते अडवते नववी पायरी. वरच्या पायऱ्या लगेच थांबत नाहीत, त्यामुळे पहिला तास-दोन तास नळीतली साखर थोडी उतरतच राहते.